चिमाजीरावांचा फेटा आणि माझे तोंड

मी एक जुना व्हीसीआर आहे, आणि मी कधीही खोटे बोलत नाही. मित्रांनो, या दोन गोष्टींपैकी पहिली शंभर टक्के खरी आहे. दुसरीचे काय ते तुम्हीच शेवटी ठरवा.

व्हीसीआर म्हणजे काय, हे घरातल्या मोठ्यांना विचारायला जाऊ नका, ते उगाच तासभर जुन्या सिनेमांबद्दल बोलत बसतील. मीच सांगतो. वहीएवढी काळी कॅसेट माझ्या तोंडात सारायची. मी ती गट्ट करायचो, आतली फीत गरागरा फिरवायचो, आणि समोरच्या टीव्हीवर सिनेमा उभा राहायचा.

माझा जन्म जपानात झाला, असे माझ्या पाठीवर लिहिले आहे. तिथले मला काही आठवत नाही. आठवते ती वारूळवाडी. १९९३ साली द्राक्षाचा हंगाम झकास गेला, तेव्हा भगवंतरावांनी मला मुंबईहून आणले. नारायणगावच्या स्टँडवरून पुढे मी जीपच्या टपावर, टोमॅटोच्या क्रेटमध्ये बसून आलो. मला उतरवायला चार गडी लागले. म्हणजे उचलायला एक, आणि ‘जपून, जपून’ म्हणायला तीन.

काय ते दिवस होते! रविवारी ओट्यावर, खिडकीत, पेरूच्या झाडावर माणसेच माणसे. एकदा तर दिवेलागणीला उसातून बिबट्या आला आणि खिडकीखाली बसून सिनेमा पाहू लागला. मारामारी संपेपर्यंत जागचा हलला नाही. गाणे लागल्यावर मात्र जांभई देऊन निघून गेला. खोटे वाटत असेल तर माझ्या रिमोटची शपथ! रिमोट केव्हाच हरवला आहे, त्यामुळे त्याला काही होण्याची भीती नाही.

भगवंतरावांच्या पत्नी कुशाबाई मला फार जीव लावायच्या. खंडेनवमीला या घरात सगळ्या अवजारांची पूजा होते. नांगराची, फवारणीच्या पंपाची, मोटारसायकलची, आणि त्यांच्या पंक्तीत माझीही. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचे फूल. मी अगदी फुगून जायचो. पण याच पूजेने पुढे जो घोळ घातला, तो आता ऐका.

१९९६ च्या मे महिन्यात त्यांच्या लेकीचे, अश्विनीचे, लग्न झाले. सासर निरगुडसरचे. तिचे सासरे चिमाजीराव म्हणजे मोठे गोड गृहस्थ. जिलेबीइतके गोड, आणि तिच्यासारखेच थोडे वळणावळणाचे. आपल्याकडे लग्नात मानाचे फेटे बांधतात, कर्ण्यावरून नाव पुकारून. पहिला मान व्याह्यांचा. आणि नेमके चिमाजीराव म्हणाले, “माझं नाव पुकारलंच न्हाई!”

“पावणं, तीन येळा पुकारलं!” भगवंतराव कळवळून म्हणाले. “तुमीच मांडवात नव्हता.”

“मी मांडवातच व्हतो. फेटा न्हाई, तर तुमच्या घरी पान न्हाई.”

“मग कॅसेट येऊ द्या. दावतोच तुमास्नी.”

झाले! सगळा खटला माझ्या दारात आला.

कॅसेट आली ती नेमकी खंडेनवमीला. संध्याकाळी चिमाजीराव बघायला येणार, म्हणून अश्विनीच्या भावाने, अमृतने, ती बरोबर फेट्यांच्या आधी आणून थांबवली आणि बाहेर काढून ठेवली. इतक्यात कुशाबाई पूजेचे ताट घेऊन आल्या. लेकीचे लग्न त्या डबीत आहे म्हटल्यावर तिला कुंकू लावल्याशिवाय त्यांना कसे राहवेल? त्यांनी कॅसेटचे झाकण उचलले आणि उघड्या फितीवर पाची बोटांनी हळदकुंकू वाहिले. उरलेले माझ्या तोंडात घातले, वर झेंडूही. मला खोकता येत नाही, मित्रांनो, नाहीतर त्याच दिवशी सगळे सांगून टाकले असते.

संध्याकाळी चिमाजीराव खुर्चीत बसले. मी कॅसेट फिरवली. मांडव आला, बँड आला, आणि फेट्याचे ताट दिसते न दिसते तोच टीव्हीवर नुसत्या मुंग्या! आवाजात बँडच एवढा, की नाव कोणाचे पुकारले ते कळेना. मुंग्या सरल्या तेव्हा पडद्यावर पंगत बसली होती.

“कापलं!” चिमाजीराव उठलेच. “नेमकं तेवढंच कापलं!”

उभ्याउभ्या चहा घेतला आणि गेले.

त्यानंतर तेरा वर्षे असेच चालले. अश्विनीला माहेरी सोडायला ते स्वतः यायचे, सुनेवर कधी राग काढला नाही, पण चहा उंबऱ्यातच. प्रत्येक वेळी कुशाबाई त्यांच्यासाठी पाट मांडायच्या आणि ते गेल्यावर उचलून ठेवायच्या. तो फेटा त्यांनी डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत जपला होता. व्याही आपल्या घरी जेवत नाहीत, हे त्यांना फार लागायचे. माझ्या तोंडातच त्याचे कारण होते आणि मी बघत बसायचो.

मध्यंतरी डीव्हीडी प्लेयर नावाचे सडपातळ पोरगे घरात आले. माझी रवानगी माळ्यावर, कांद्यांच्या शेजारी झाली. कांदेसुद्धा दर आठवड्याला खाली जायचे. मी नाही.

मग २००९ साली अमृतने नवे टुमणे काढले. “आबा, हाय डेफिनिशनचा प्लेयर घेऊ. माणसाच्या नाकावरचा तीळसुदिक दिसतो!”

“तीळ बघायला प्लेयर कशाला?” भगवंतराव म्हणाले. “चाललंय त्यात काय वाईट हाय?”

उंबऱ्यात बशीतला चहा फुंकणारे चिमाजीराव एकदम म्हणाले, “घ्या, घ्याच तुमी! आन् त्यात लग्नाची कॅसेट लावा. मला पुकारलेलं दिसलं तर मी पाटावर बसतो. न्हाई दिसलं, तर कापलं म्हणून कबूल व्हा.”

बघा बरे, एका घरात नवे यंत्र घ्यायचे की नाही, हा प्रश्न फेट्याला जाऊन अडकला. कुशाबाईंनी लगेच निकाल दिला, “घे रं अमृत.”

नव्या यंत्रात कॅसेट जात नाही, तिची आधी चकती, म्हणजे डीव्हीडी, करायला हवी होती. नारायणगावला सावळेरामचा फोटो स्टुडिओ होता. तो नवा प्लेयरही मागवून देणार होता, जुने यंत्र बदल्यात घेऊन. जुने यंत्र म्हणजे मी. कांद्यांचा निरोप घेऊन मी अमृतच्या मोटारसायकलवर बसलो, तेव्हा माझ्या आतला पट्टा थरथरत होता.

सावळेरामने माझे झाकण उघडले आणि डोक्याला हात लावला. “आरं राव, ह्यो व्हीसीआर हाय का देव्हारा?” माझ्या पोटातून कुंकू निघाले, अक्षता निघाल्या, वाळलेला झेंडू निघाला आणि एका पालीची शेपटी. मग त्याने स्पिरिटचा बोळा घेऊन फीत वाचणारे माझे हेड पुसले, कॅसेटची लालभडक फीतही इंच इंच पुसली. “आधी घरी लावून बघ,” तो म्हणाला. “नीट चालली, तर उद्या चकती करू. मग मशीन हितंच सोड.”

दुसऱ्या दिवशी चिमाजीराव अश्विनीला न्यायला आले. सगळे टीव्हीसमोर बसले. माझे हे शेवटचे काम, म्हणून मी जीव लावून फीत ओढली.

मांडव आला. बँड आला. मुंग्या आल्या नाहीत! भगवंतराव फेट्याचे ताट घेऊन उभे. शेजारची मानाची खुर्ची रिकामी. माइकवाला चारी दिशांना हात करून बोलावतो आहे. एकदा, दोनदा, तीनदा.

“बघा!” भगवंतराव टीव्हीवर बोट टेकवून म्हणाले. “बघा पावणं!”

पण सगळ्यांचे डोळे खुर्चीच्या मागे गेले होते. आंब्याच्या सावलीत जिलेबीची कढई, आणि कढईपाशी चॉकलेटी कोटातला एक जाडजूड माणूस. दोन्ही हातांत जिलेबी. तोंड मात्र धुरकट.

“ह्यो कोण म्हनायचा?” कुशाबाई हळूच म्हणाल्या.

“असंल आचाऱ्याचा कुणी,” चिमाजीराव म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

“कोट घालून?” अमृत पुढे सरकला. “थांबा, आजच नवा प्लेयर मागवतो. तोंड काय, जिलेबीची वेटोळीसुदिक मोजता येतील!”

मित्रांनो, तुमच्यामाझ्यात म्हणून सांगतो. जुन्या फितीत जेवढे उतरले तेवढेच दिसते, नवे यंत्र त्यात नाकडोळे काढून देत नाही. पण मला कोण विचारतो? आणि घाबरलेल्या माणसाला एवढे कुठे सुचते?

“कशाला?” चिमाजीराव ताडकन म्हणाले. “ह्यात काय वाईट हाय? लई झ्याक दिसतंय! मला पुकारलं व्हतं, दिसलं. पटलं. माझीच चूक. विहीणबाई, पाट मांडा!”

कुशाबाई धावतच ट्रंकेकडे गेल्या. भगवंतरावांनी तेरा वर्षांची घडी मोडून फेटा बांधला. डांबरगोळ्यांच्या वासाने व्याही दोनदा शिंकले, पण मान ताठ होती. पान वाढले. पदरात तोंड लपवून कुशाबाईंनी विचारले, “जिलेबी वाढू का, पावणं?”

“दोनच.”

“दोन्ही हातांत?”

अश्विनीला एवढा ठसका लागला, की पाणी द्यावे लागले. आणि मग सगळ्यांच्या आधी, सगळ्यांत मोठ्याने हसले ते चिमाजीराव!

अमृतने पुढे तो नवा प्लेयर आणला. बिचारा चांगला आहे, तीळ छान दाखवतो. पण मला बदल्यात देऊ दिले नाही, ते चिमाजीरावांनीच. “ह्यो घरातला मानूस हाय,” असे म्हणाले. लग्नाच्या कॅसेटची चकतीही त्यांनी होऊ दिली नाही. निघताना स्वतःचा फेटा सोडून माझ्यावर पांघरला. “धूळ बसंल,” असे सगळ्यांना ऐकू जाईल इतके मोठ्याने म्हणाले. मग वाकून माझ्या कानाशी, “तोंड मिटून ऱ्हा, भाऊ.”

म्हणून मुलांनो, एक विनंती. आमची पूजा जरूर करा, पण कुंकू झाकणावर लावा, तोंडात घालू नका. वर्षातून एकदा कोरड्या फडक्याने पुसा. आणि चित्र दिसेनासे झाले, तर कोणी कापले म्हणून भांडण्याआधी झाकण उघडून पाहा.

बाकी मी शब्द पाळला आहे. आजवर तोंड मिटून आहे. हे सगळे तुम्हाला त्या बिबट्याने सांगितले, असे समजा.