लाखोळीचं वरण

"गुणाबाई, तुरीचं हाय म्हणून सांगजा. बाकी मी पाहून घेतो," पातेल्याजवळ वाकून धनराज गुरुजी हळूच बोलले. शाळेच्या फाटकाशी तपासणीची जीप थांबली होती.

गुणाबाई डाव फिरवत राहिली. आरमोरीजवळच्या या शाळेत तिने जिला लहानपणी जेवू घातलं, ती दुर्गा आता आपल्या पोरीला इथंच पाठवत होती. आधी स्वयंपाकिणीने चाखायचं, मग पोरांना वाढायचं, हा शाळेचा नियम. आज मात्र तिने तो घास अजून घेतला नव्हता.

सरकारचं अनुदान जुन्याच भावाचं, आणि तूर, तेल, गॅस कुठल्या कुठे गेलेले. आजवर वाडीतला भोपळा, वांगी घालून तिने निभावलं. काल दुकानदाराने उधारी बंद केली, तेव्हा तिने घरची लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, भरडून आणली.

लाखोळी काही परकी नव्हती. तिच्या लग्नात लाखोळीचेच वडे होते, आणि काय खमंग झाले होते. पण धान बुडालं त्या वर्षी घरात दुसरं काहीच उरलं नाही, महिनोन्‌महिने लाखोळीच खाल्ली, आणि तिचा भाऊ पत्रू तिच्यामुळेच पायांनी अधू झाला, पुन्हा काठीशिवाय चालला नाही. म्हणून तिने डाळ गरम पाण्यात भिजवली, पाणी फेकलं, पुन्हा भिजवली. तरी सकाळपासून तिची नजर पोरांच्या पायांवरच जात होती.

तालुक्याहून आलेल्या साधना मॅडमनी वाटीतलं वरण चाखलं.

"छान. नेहमीसारखंच," त्या म्हणाल्या. "गुरुजी, तुम्ही अनुदान वाढवून मागता, पण इथं तर सगळं नीट चाललंय. तसंच लिहिते."

गुरुजी कसंनुसं हसले.

"लिहू नोका, मॅडमबाई," गुणाबाई म्हणाली. "हे तुरीचं नोहोय. लाखोळीचं होय."

"गुणाबाई, चूप राहा न," गुरुजी पुटपुटले.

"कावून चूप राहू, गुरुजी? ह्या दरखेपी बेस हाय म्हणून लिहून राह्यल्या, अन् वरचे समजते का भागून राह्यलं. मीच झाकून राह्यली होती."

मॅडमनी वाटी खाली ठेवली. "हे पोरांना द्यायचं नसतं, ठाऊक आहे ना? मला लिहावंच लागेल. तुमचं काम जाईल, बाई."

"लिहा. पण कावून घातली, तेबी लिहा."

मॅडमनी पेन उघडलं. मग खाली मान घालून लिहू लागल्या.

गुरुजींनी आणि गुणाबाईने पातेलं उचलून शाळेमागे रिकामं केलं. पोरं ताटल्या घेऊन ओळीने बसली होती. दुर्गाची मयुरी मान उंच करून पाहत होती.

"आजी, वरन नाई का आज?"

"नाई, माय. मीठ हाय."

गुणाबाईने भाताच्या गंजातून एक घास घेतला, त्याला मीठ लावलं आणि रोजच्यासारखा सगळ्यांसमोर तोंडात टाकला. सावकाश चावून गिळला. मग पदर खोचून ती पहिल्या पोरापुढे वाकली.