चोपड्याच्या देवकीबाईंचा आवाज

गोकुळदासबाब फोन खात्यातून निवृत्त झाले तेव्हा रक्तातल्या साखरेमुळे त्यांची नजर मंद व्हायला लागली होती. आयुष्यभर तारा जोडत आलेला माणूस, हातावर हात ठेवून बसणं त्यांना ठाऊक नव्हतं. पेडण्याच्या घरी त्यांनी संगणकासमोर खुर्ची ओढली आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्राम बनवायला घेतला. इंग्रजी वाचणारे प्रोग्राम पुष्कळ होते. मराठी वाचणारे जे होते ते अडखळत, परक्या हेलात वाचायचे. कोकणी वाचणारा एकही त्यांना सापडला नाही.

प्रोग्राम उभा राहिला, पण त्याला आवाज हवा होता. डिचोलीच्या हायस्कुलात संगणक शिकवणारी सुविधा ही फोन खात्याच्या प्रशिक्षण वर्गातली त्यांची जुनी विद्यार्थिनी. ती म्हणाली, "माझ्या आईचा घ्या. तिचं मराठी स्वच्छ आहे आणि कोकणी तर घरचीच."

आई म्हणजे देवकीबाई. नदीकाठच्या चोपडे गावी एकट्या राहायच्या. शिक्षण चौथीपर्यंत, तेही पोर्तुगीज अमदानीतल्या गावच्या मराठी शाळेत. भाताच्या कोठारात चारी बाजूंनी गोधड्या टांगून तीन महिने दर रविवारी त्यांच्या तोंडून अक्षरांचे तुकडे रेकॉर्ड केले. क, का, कि, की. ळ, ळा, ळि, ळी. एकोणीसशेच्या वर तुकडे. शेजारणी विचारायच्या, "देवकी, म्हातारपणात बाराखडी शिकतंस काय गो?" त्या हसायच्या. गोकुळदासबाबांचा प्रोग्राम हे तुकडे जोडून कुठलाही शब्द बोलायचा.

२००७ साली सुविधाने 'साद' नावाची वेबसाइट उघडली. कुणीही यावं, प्रोग्राम फुकट उतरवून घ्यावा. पणजीच्या एका ओळखीच्या गृहस्थाने आपल्या सर्व्हरवर जागा दिली. शाळा सुटल्यावर सुविधा तासभर बसायची, आलेल्या पत्रांना उत्तरं द्यायची, नवी आवृत्ती चढवायची. तीन वर्षांत अकरा हजार वेळा प्रोग्राम उतरवला गेला. तिच्या लेखी तो फक्त एक आकडा होता.

२०१० च्या जानेवारीत, मधल्या सुट्टीत, तिचा मोबाइल वाजला.

"बाई, मी सदाशिव. बांद्याहून बोलतोय. मला दिसत नाही. 'साद' तुमचीच ना?"

"हो, आमचीच."

"एक विचारायचं होतं. तुमच्या प्रोग्राममधल्या बाई माझ्याकडे बँकेचा गुप्त आकडा का मागतात?"

सुविधाला आधी समजलंच नाही. सदाशिवनी सावकाश सांगितलं. नवा संगणक घेतला, नाव टाकून शोधलं, जे पहिलं आलं ते उतरवलं. आठवडाभर सगळं ठीक चाललं. काल बँकेचं पान उघडलं आणि त्या बाई म्हणाल्या, "सुरक्षेसाठी आपला गुप्त आकडा पुन्हा लिहा."

"तुम्ही लिहिलात?"

"नाही. तीन वर्षं ऐकतोय मी त्यांना. समोर असेल तेवढंच त्या वाचतात. स्वतःहून काही मागत नाहीत कधी. म्हणून हात थांबला."

त्या संध्याकाळी सुविधा थेट पेडण्याला गेली. सदाशिवनी सांगितलेला पत्ता गोकुळदासबाबांनी उघडला. हुबेहूब 'साद'. तोच रंग, तीच वाक्यं. फक्त खऱ्या पत्त्यात इंग्रजी 'ए' दोनदा होता, नकलेत एकदाच. डोळस माणसाला तो फरक निदान दिसला तरी असता. पण त्यांचाच प्रोग्राम दोन्ही पत्ते सारखेच वाचायचा: साद.

नकली प्रोग्राम त्यांनी एका जुन्या, इंटरनेटच्या जाळ्यापासून तोडलेल्या संगणकावर चालवला. बँकेचं पान असल्याचा भास निर्माण केला. आणि खोलीत सुविधाच्या आईचा आवाज आला, शांत, नेहमीसारखाच मायाळू: सुरक्षेसाठी आपला गुप्त आकडा पुन्हा लिहा.

सुविधाने पटकन आवाज बंद केला. आई हे वाक्य जन्मात बोलली नव्हती. तिचेच तुकडे जोडून कुणीतरी ते तिच्याकडून वदवून घेतलं होतं.

पुढचे चार दिवस दोघांनी जमेल ते केलं. साइटवर इशारा लावला. ज्या परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर नक्कल होती तिला पत्र लिहिलं. तिने दोन दिवसांनी ती जागा बंद केली, तोवर नक्कल दुसऱ्या पत्त्यावर उभी राहिली होती. तीही बंद झाली, तर तिसरी. खऱ्या फाइलची ओळख पटवणारा चाळीस अक्षरांचा ठसा साइटवर छापायचा आणि लोकांना तो ताडून बघायला सांगायचं, असंही ठरलं. पण गोकुळदासबाब स्वतःच म्हणाले, "सुविधा, चाळीस अक्षरं कोण ताडून बघणार? मीसुद्धा नाही बघणार."

"मग बंदच करूया," सुविधा म्हणाली. "आईचा आवाज काढून टाकूया."

"कुठून काढणार? अकरा हजार घरांत गेलाय तो."

रविवारी ती चोपड्याला गेली आणि आईला सगळं सांगितलं. ते वाक्य ऐकवलंही. देवकीबाईंनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाल्या, "ह्यां मी कधी बोललंय गो? माका तो आकडो म्हणजे काय ताच ठाऊक नाय."

"तू नाही बोललीस, आई. तुझा आवाज चोरलाय."

"मग माका सांगू दे त्यांका. माझ्या नावान कोण खोटां बोलता, तर मी गप बसू?"

सुविधाने मोबाइल समोर धरला. देवकीबाईंनी पदर सारखा केला, जणू कुणी बघतच होतं, आणि शाळेत शिकलेल्या शुद्ध मराठीत बोलल्या: "मी देवकी. गाव चोपडे. मी तुम्हाला फक्त वाचून दाखवते. मी तुमच्याकडे कधीच काही मागणार नाही. माझ्या आवाजात कुणी काही मागितलं, तर ती मी नव्हे. खात्री करायची असेल तर मला फोन करा." आणि त्यांनी घरचा फोन नंबर सांगून टाकला.

"आई, नंबर कशाला?"

"मगे? लोकांनी खात्री करूची कशी?"

तो संदेश साइटवर गेला, आजवर पत्रं लिहिणाऱ्या सगळ्यांच्या पत्त्यांवर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला चोपड्यातला फोन वाजला. दुपारपर्यंत तो थांबला नाही. सुविधा शाळेला रजा टाकून आईशेजारी बसली.

नांदेडहून, बेळगावहून, बडोद्याहून फोन येत होते. एक मस्कतहून आला. बहुतेक जण आधी गप्पच राहायचे. देवकीबाई "हॅलो, कोण?" म्हणायच्या आणि पलीकडे श्वास ऐकू यायचा. मग हळूच कुणीतरी म्हणायचं, "तुम्हीच! खरंच तुम्ही आहात." एका बाईंनी सांगितलं, "मी वकिलीची परीक्षा दिली. सगळी पुस्तकं तुम्ही वाचून दाखवलीत." फोन ठेवून देवकीबाई लेकीकडे बघत राहिल्या. "मी कायद्याची पुस्तकां वाचलंय?" त्यांनी विचारलं. मग स्वतःशीच पुन्हा, "मी?" मडगावच्या एका गृहस्थाने सांगितलं की त्याची बायको गेल्यापासून घरात कोकणी बोलणारा तेवढाच एक आवाज आहे.  देवकीबाईंनी त्याला विचारलं, "जेवलात?"

सुविधा ऐकत होती. अकरा हजार हा आकडा तिच्या पडद्यावर तीन वर्षं होता. आता त्यातला एकेक जण तिच्या आईच्या कानाशी बोलत होता, आणि तिला वाटलं, आपण काय करून बसलोय हे आपल्याला मुळी कळलंच नव्हतं.

त्याच दिवशी सदाशिवनी एक गोष्ट सुचवली. "बाई, नक्कल आम्हाला ओळखू येते. तिच्यातला ळ बसका आहे."

गोकुळदासबाबांनी तपासलं. नक्कल करणाऱ्याने फाइल लहान करायला आवाज दाबला होता. बारीक घर्षणं आणि कंपनं त्यात हरवली होती. सुविधाने दहा वेळा ऐकूनही तिला फरक जाणवेना. सदाशिव आणि त्यांच्या ओळखीच्या माणसांना पहिल्याच शब्दात जाणवायचा.

मग ते कामाला लागले. ती सगळी न बघणारी माणसं. कुणी बँकेत टेलिफोनवर, कुणी शाळेत गाण्याचे मास्तर, कुणी घरी. त्यांनी जाळं आपसांत वाटून घेतलं. जिथे 'साद' मिळते असं लिहिलेलं असेल तिथली फाइल वेगळ्या संगणकावर उतरवायची, ऐकायची, ळ तपासायचा, पत्ता अक्षर-अक्षर लिहून सुविधाकडे पाठवायचा. ती पुराव्यासह संबंधित कंपनीला कळवायची. नऊ दिवसांत तेवीस पत्ते सापडले. तेविसावा बंद झाला त्यानंतर तीन आठवडे नवी नक्कल आली नाही. ज्या दोघांनी फसून आपला गुप्त आकडा लिहून टाकला होता त्यांना सदाशिवनीच शोधून काढलं आणि वेळेवर बँकेत पाठवलं.

नक्कल कायमची गेली असं नाही. वर्षा-दोन वर्षांनी ती डोकं वर काढते. पण गोकुळदासबाबांनी प्रोग्रामला आता पत्ते एकेक अक्षर सुटं करून वाचायला लावलंय, आणि प्रत्येक नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी बांदा, नांदेड आणि मडगाव इथले तीन कान ती ऐकतात. त्यांनी होकार दिल्याशिवाय सुविधा काही चढवत नाही.

२०१० च्याच डिसेंबरात सदाशिव दहा जणांना घेऊन चोपड्याला आले. पायवाटेवरून एकामागे एक, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून. देवकीबाई अंगणात उभ्या होत्या.  अकरा माणसं दारात थांबली, माना किंचित कलत्या करून, वाट बघत.

"या," शेवटी त्या म्हणाल्या. "पायरी आसा हां. सांभाळून."

कुणीच हललं नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थाने चप्पल काढली.

"आणखी थोडं बोला ना," सदाशिव म्हणाले. "काहीही."

देवकीबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. समोर नदी होती. तिथूनच त्यांनी सुरुवात केली. पाणी आज कुठवर चढलंय, पलीकडच्या काठाला किती होड्या लागल्यात, माडाच्या शेंड्यावर घार कशी बसलीय, ऊन कुठल्या बाजूने येतंय. त्या सांगत गेल्या आणि ती माणसं अंगणात उभी राहून नदीकडे तोंड करून ऐकत राहिली.