पितळी बूच

तीन आठवडे झाले, शरच्चंद्राला एकच स्वप्न पडत होतं. धारचा तलाव, त्यावर ताकासारखं पातळ धुकं, आणि त्या धुक्यातून पाण्याची करंगळीएवढी धार उठते, कमान धरते आणि खाली पडायचं विसरून जाते. जाग आली की तो उठून तांब्याभर पाणी प्यायचा. देवासच्या कारखान्यातला फिटर तो, स्वप्नांचे अर्थ लावत बसणाऱ्यांतला नव्हे. तरी ती धार आपल्याकडे काहीतरी मागते आहे, असं त्याला वाटायचं.

मग धारहून सरदारांचा निरोप आला. पाण्यावरची स्कूटर तापते आहे, लगेच या.

सरदारकी जाऊन पस्तीस वर्षं झाली होती, पण उदाजीरावांचे शौक गेले नव्हते. ही स्कूटर त्यांनी परदेशातून आणवली होती. अंग बोटीचं, हॅन्डल मोटरसायकलचं. पोटातला पंखा तलावाचं पाणी ओढून मागे फेकायचा आणि त्या जोरावर ती पळायची. सोबत एक जाडजूड पुस्तक आलं होतं, इंग्रजीत. उदाजीरावांना इंग्रजी उत्तम यायचं. पण पुस्तक वाचणं हे नोकरांचं काम, आणि नोकरांना इंग्रजी येत नव्हतं. म्हणून पुस्तकाचं प्लास्टिक अजून तसंच होतं.

शरच्चंद्र घाटावर पोचला तेव्हा ऊन कोवळं होतं आणि धुकं स्वप्नातल्यासारखंच होतं. उमाशंकरच्या खोलीपुढे बैलगाडी उभी. गाडीत खाट, पत्र्याची पेटी, पेटीवर पालथी घातलेली परात. उमाशंकर वीस वर्षं हा घाट आणि आपल्या म्हशी राखत होता, घाटाच्या खोलीतच त्याचा संसार.

"कुठं निघालास?"

"जहाँ बैल ले जाएँ, भिया." उमाशंकरनं विडी कानामागे खोचली. "सरकार म्हणतात, मी स्कूटर पाण्याबाहेर, कोरड्यावर चालवली अन् सायलेन्सर जाळला. संध्याकाळपर्यंत खोली खाली."

"चालवलीस का?"

"मला चालू करता आली असती, तर म्हशी सोडून तिच्यावरच नसतो बसलो?"

उदाजीराव वेताच्या खुर्चीत होते. मागे वाड्याच्या ओसरीत त्यांच्या आई, म्हणजे माई, वाती वळत बसलेल्या. उदाजीरावांनी कोटाचा खिसा थोपटला. "पीथमपूरच्या नव्या कारखान्याचं पत्र तयार आहे, शरच्चंद्र. फोरमन. हे तेवढं आटपा."

फोरमन! बारा वर्षं शरच्चंद्र मशिनं उघडत होता, आणि दुरुस्त झाली की सही डिग्रीवाले ठोकत होते. बिघाड तो ऐकून सांगायचा. तरी हजेरीपटावर कायम 'फिटर'.

त्यानं झाकण काढलं. सायलेन्सरवरचा रंग भाजलेल्या पापडासारखा फुगलेला, रबरी नळी करपलेली. असा सायलेन्सर वाऱ्यानं थंड होत नाही. पंख्याकडून थोडं पाणी बारीक नळीनं त्याच्या दुहेरी कवचात येतं, उष्णता घेतं आणि बाहेर जातं. म्हणजे पाणी कुठंतरी अडलं होतं.

खालची जाळी पाहिली. शिंगाड्याचं एक पानसुद्धा अडकलेलं नव्हतं. पंख्याकडची नळी सोडवून तोंडानं फुंकली. मोकळी. करपलेली नळी बदलली, स्कूटर पाण्यात ढकलली, दोराला बांधून चालू केली आणि नळीवर तळहात ठेवला. पाणी सायलेन्सरपर्यंत येत होतं. येत होतं आणि तिथंच थांबत होतं. नळी हाताखाली कोमट झाली, मग कढत. त्यानं झटक्यानं इंजिन बंद केलं.

आत येतं, बाहेर जात नाही.

तलाव एकदम गप्प झाला. धुक्यात एक बगळा उभा होता, तो जणू हवेवरच उभा होता. शरच्चंद्राची नजर स्कूटरच्या कुशीकडे गेली आणि तिथंच खिळली. कुशीत एक पितळी बूच चकाकत होतं. सुरेख आट्यांचं, आरशासारखं घासलेलं. त्यानं स्वतः देवासच्या लेथवर घडवलेलं.

दसऱ्याआधी उदाजीराव म्हणाले होते, नवी गाडी कुशीतून गळते, पाहुण्यांपुढे लाज जाते. शरच्चंद्रानं गळती पाहिली, आणि गळती दिसली की बंद करायची, एवढंच त्याच्या हातांना ठाऊक होतं. तेव्हा उमाशंकर मागून म्हणाला होता, "भिया, मूतने दो बिचारी को. बैलाचं अडलं की तो तापतो."

"तू तुझ्या म्हशी सांभाळ," शरच्चंद्र चारचौघांत म्हणाला होता, आणि सगळे हसले होते.

आता बूच गुपचूप काढून खिशात टाकलं की झालं. जाळीत पाला होता म्हणायचं. कुणाला कळणार? उमाशंकरला कळणार, पण उमाशंकरचं ऐकतो कोण? त्या दिवशी तरी कुणी ऐकलं होतं?

त्यानं पाना लावला. बूच सुटलं आणि सुस्कारा सोडल्यासारखी वाफ आली, मग उकळतं पाणी. निवल्यावर त्यानं इंजिन पुन्हा चालू केलं. स्कूटरच्या कुशीतून करंगळीएवढी धार उठली, तिनं उन्हात कमान धरली. सायलेन्सर हाताला गारच लागत राहिला. स्वप्नातली धार ती हीच. फक्त ही खाली पडत होती.

"शाबास," उदाजीराव उठले. "कोरड्यावरच चालवली होती ना त्यानं?"

"नाही. ही धार मी बंद केली होती." शरच्चंद्रानं बूच तळहातावर धरलं. "ही गळती नव्हती, पाण्याची वाट होती. उमाशंकरनं तेव्हाच सांगितलं होतं. मी त्याचं तोंड बंद केलं. आणि सरकार, पुस्तक तुमच्याच कपाटात आहे. तुम्ही दोन पानं चाळली असतीत तरी कळलं असतं."

सरदाराच्या तोंडावर असं कुणी बोलत नसे. उदाजीरावांचा हात खिशाकडे गेला, पत्र चाचपून तसाच रिकामा बाहेर आला. "तुम्ही आता निघा," ते म्हणाले.

"निघेल तो," ओसरीतून माई म्हणाल्या, हातातली वात न सोडता. "आधी त्या गरिबाचं बिऱ्हाड गाडीवरून उतरवा, उदाजीराव. बैल केव्हाचे उभे आहेत."

उदाजीराव आत गेले. आईपुढे त्यांचं एवढंच चालायचं.

शरच्चंद्रानं खाटेचं एक टोक धरलं, उमाशंकरनं दुसरं. दोघे उंबऱ्यात अडकले.

"पीथमपूर गेलं ना, भिया?"

"गेलं."

"मग दे ते बूच इकडे. माझा माठ गळतो."