वगळलेलं फोल्डर

“काका, तपासण्यांचं फोल्डर नाहीच आलं,” इस्पितळाच्या संगणक विभागातली बाई फोनवर म्हणाली. “तिसऱ्यांदा तुमच्या सर्व्हरवरून ओढलं गाठोडं. बाकी सगळं आहे.”

गाठोडेमास्तरांनी कपाळाला हात लावला. औषधाच्या पंपाचा प्रोग्रॅम बदलला, की त्याच्या फाइलींचं गाठोडं इस्पितळाला पोचवायचं, हे काम ते एकोणीस वर्षं करत होते. नाव त्यावरूनच पडलेलं. बांधाबांध खरं तर सर्व्हरच करी. गाठोड्यात काय घ्यायचं नाही, तेवढं मास्तर नियमांच्या एका चिमुकल्या फाइलीत लिहून ठेवत. आज कंपनीतलं हे पंपाचं खातंच बंद होणार होतं. पाच वाजता सर्व्हर पुसला जाणार आणि पंप यापुढे इस्पितळच सांभाळणार. गाठोड्यात असेल तेवढंच उरणार होतं.

तपासण्या ताईंच्या. मास्तरांच्या शेजारच्या टेबलावर बसून त्यांनी चारशे बारा छोटे प्रोग्रॅम लिहिले होते, पंप चुकून जास्त औषध तर सोडत नाही ना, हे पाहणारे. तीन वर्षांपूर्वी ताई गेल्या. ते फोल्डर वगळायची ओळ मास्तरांनीच लिहिलेली. गिऱ्हाइकाला घरचा पसारा कशाला दाखवायचा, म्हणून. ताई तेव्हा हसल्या होत्या. “म्हणजे पाहुणे आले की मला आतल्या खोलीत कोंडायचं, असंच ना?”

सकाळी मास्तरांनी ती ओळ खोडली, पण स्वतःच्या संगणकावर. नवशिक्याही करणार नाही अशी चूक. तुमच्या टेबलावरची फाइल सर्व्हर कशाला वाचतोय? जी आवृत्ती मागितली, तिच्या पोटातली फाइल तो वाचतो. इस्पितळाने मान्य केलेली आवृत्ती गेल्या वर्षीची, आणि तिच्यात ती ओळ ठाण मांडून बसलेली. आडात होतं, पण पोहऱ्यात येत नव्हतं.

“मान्य झालेल्या आवृत्तीला हात लावायचा नाही,” साहेब म्हणाले. “आणि नाही गेलं फोल्डर तर काय बिघडलं? पंप चालतोय ना?”

“आज चालतोय, साहेब. उद्या ते लोक त्यात काही बदलतील. मग चालतोय की नाही, ते त्यांना कोण सांगणार?”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. “पाचपर्यंत काय ते करा.”

चार चाळीसला मास्तरांना आठवलं, की सर्व्हरची स्वतःचीही एक नियमांची फाइल असते. आवृत्तीतला नियम काहीही म्हणो, शेवटचा शब्द तिचा. आवृत्तीला बोटही लावावं लागत नाही. ती फाइल इतक्या वर्षांत कुणी उघडलीच नव्हती. मास्तरांनी तिच्यात एकच ओळ लिहिली: हे फोल्डर वगळू नये. तीनदा वाचली आणि फोन उचलला.

“आता ओढा.”

पलीकडून बराच वेळ नुसते कळफलकाचे आवाज आले. मग बाई म्हणाली, “आलं, काका! चारशे बारा.” आणि जरा थांबून, “पहिल्या फाइलीत वरच काहीतरी लिहिलंय.”

“वाचा बरं.”

“‘हे घराबाहेर कुणी वाचणार नाही. तरी नीट लिहिलंय.’ कुणी लिहिलंय हे?”

एकोणीस वर्षांत मास्तरांनी ताईंची ती फाइल एकदाही उघडली नव्हती, आणि आता त्यांना त्याची लाज वाटली.

“आमच्या ताईंनी,” ते म्हणाले. “पुढचं वाचा. मी ऐकतोय.”

पाच वाजायला अजून बारा मिनिटं होती.