काळा अंगठा

दवाखान्यात सांगतात ते ऐकायचं काम नवऱ्याकडे दिलं, तिथेच आमचं चुकलं.

सासरे, म्हणजे आमचे बाबा, चांदीचे कारागीर. तार ओढताना तिचं टोक पायाचा अंगठा आणि बोट यांत दाबून धरतात, म्हणजे दोन्ही हात मोकळे. त्याच अंगठ्यावर वितळलेल्या चांदीचा थेंब पडला. त्यात अंगात साखर, जखम काही केल्या भरेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, "ही पट्टी लावून बघू. हिच्यावर चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा थर असतो, तो जंतूंना वाढू देत नाही. पण अंगठा काळा पडून बधिर झाला, तर कापावा लागेल."

"चांदीनंच भाजलं आणि आता चांदीच बरं करणार. मोठी नाटकी आहे मेली!" बाबा हसले. हसले खरे, पण अंगठा गेला तर हातातलं कामही गेलं, हे त्यांना काय कळत नव्हतं?

पट्टी बदलायच्या दिवशी मी ती सोडली. अंगठा काळाठिक्कर!

"काय गं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही," म्हटलं आणि नवऱ्यावर खेकसले, "बघतोस काय? गाडी काढ!"

वाटेत मी सगळ्यांचा उद्धार केला. नवऱ्याचा, डॉक्टरांचा, त्या पट्टीचा. गप्प बसले असते तर रडले असते.

दवाखान्यात सिस्टरनी ओल्या बोळ्यानं अंगठा पुसला. बोळा काळा झाला. "अहो, हा चांदीचा डाग! ओल लागली की पट्टीतली चांदी सुटते, कातडी काळी दिसते. यांना सांगितलं होतं की मी!"

सगळे नवऱ्याकडे वळलो. "हां... असं काहीतरी म्हणाल्या होत्या खऱ्या," तो म्हणाला.

त्याला काय बोलणार? दिवसभर चांदीवरचा काळा डाग घासून काढणारी मी, मलाही तो ओळखता आला नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मात्र अजून हसू नव्हतं. त्यांनी सुई घेतली आणि अंगठ्याच्या टोकाला हळूच टोचली.

"आई गं!" बाबा केवढ्यांदा ओरडले. "माणूस आहात का कसाई?"

"जिवंत आहे अंगठा," डॉक्टर आता हसले. "नवी कातडीही धरतेय."

माझा जीव भांड्यात पडला. बाबा कळवळत होते आणि मी निर्लज्जासारखी हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आणखी एकदा टोचा हो डॉक्टर," मी म्हटलं. "पुन्हा ऐकू दे."

"सूनबाई, तू आधी घरी चल," बाबा म्हणाले.

सिस्टर नवी पट्टी बांधायला बसल्या, तर पट्टीचं सुटं टोक सापडेना. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. ते बाबांनी कुणाला न विचारता त्याच अंगठ्याच्या आणि बोटाच्या चिमटीत धरून ठेवलं होतं.