एकशे ऐंशी वह्यांचा शिक्का

मित्रांनो, मी लाकडी मुठीचा एक जुना शिक्का. माझ्या रबरावर एकच शब्द कोरला आहे: ‘तपासले’.

मला बनवताना कारागिराने विचारलं होतं, “बाई, खाली सहीला जागा नको?”

“सहीपुरतं मनगट उरलं असतं, तर तुमच्याकडे कशाला आले असते?” बाई म्हणाल्या.

बाई माध्यमिक शाळेत इतिहास शिकवत. तीन वर्गांच्या मिळून एकशे ऐंशी वह्या. शिवाय माहितीचे तक्ते, सर्वेक्षणं, रजेवरच्या शिक्षकांचे तास. पूर्वी म्हणे त्या प्रत्येक वहीत लाल शाईने एक ओळ लिहीत. मी आलो आणि ती ओळ गेली. महिन्याभरात वाचणंही गेलं. मुख्याध्यापकांनी मात्र सगळ्यांसमोर माझी वाखाणणी केली.

मला फार कुतूहल असायचं. शब्द अगदी नाकासमोर यायचे, पण क्षणभरच. लढाई कोण जिंकलं हे कळायच्या आत पुढची वही.

एका दुपारी एका उत्तराच्या मधोमध ओळ होती: ‘बाई, तुम्ही हे वाचता का?’ मी नेमका तिच्यावरच ठसठशीत उमटलो.

दुसऱ्या दिवशी ती ओळ लिहिणारी मुलगी वही घेऊन शिक्षकखोलीत आली. तिने ओळीवर बोट ठेवलं. गणिताचे सर म्हणाले, कार्टी आगाऊ आहे, सोडू नका. बाईंच्या पर्समध्ये आठवडाभर राजीनाम्याचा कागद होता. आता तो बाहेर निघणार, असं मला वाटलं.

“नाही गं वाचत,” बाई म्हणाल्या. “दमले मी.”

मुलगी गोंधळली. मग हळूच म्हणाली, “रोज दहाच वाचा ना, बाई. आम्ही थांबू.”

तपासणीच्या दिवशी बऱ्याच वह्या शिक्क्याविना निघाल्या. मुख्याध्यापकांनी जाब विचारला. न वाचलेल्या वहीवर मला उमटवणं खोटं आहे, असं बाईंनी शांतपणे सांगितलं. त्यांना लेखी खुलासा द्यावा लागला. तो त्यांनी दिला. राजीनामा दिला नाही.

आता मी खणात असतो. माझं रबर तडकलं आहे. वर लाल पेन चालल्याचा आवाज येतो. बाई काय लिहीत असतील, याचा विचार करण्यात माझा दिवस जातो.

मित्रांनो, मी रबराचा. मला कितीही दामटा, मी दमत नाही. माणसं दमतात आणि बहुधा सांगत नाहीत. तुमच्या बाई किंवा सर वही नुसतीच उलटताना दिसले, तर हसण्याआधी त्यांना विचारा, बरं आहे ना? आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.