लिफ्टवर न चढलेली गाडी

"जरा स्टिकर चिकटवून टाक गं, डोरीन. गाडी काय तुला नवी आहे?" असं म्हणत अँडी पेत्रुस्कीकाकांनी टेबलावर गरम डबा ठेवला. कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात-मशरूम. वास साऱ्या गॅरेजभर पसरला.

गाडीची वार्षिक तपासणी म्हटली की पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगराळ गावात ही रीत ठरलेली. परक्या माणसाची गाडी खालून बघायला लिफ्टवर चढायची, चाकं निघायची, सगळं रीतसर. ओळखीच्याची मात्र दारातच उभी राहायची. चार घरगुती गप्पा व्हायच्या, काचेवर पास झाल्याचा नवा स्टिकर लागायचा आणि माणूस मार्गी. डोरीन युरकॅनिनच्या वडिलांनी जन्मभर हेच केलं. ते गेल्यावर गॅरेज तिच्याकडे आलं आणि ही रीतही आली. आपलं काही चुकतंय असं तिला कधी वाटलं नाही. उलट आपण म्हाताऱ्या माणसांना सांभाळतो, याचं मनात समाधानच होतं. आपण तरी कुठे वेगळे आहोत? भिडेपोटी केलेल्या गोष्टीला माणुसकी म्हणून मोकळे होतो.

त्यातून अँडीकाका म्हणजे वडिलांचे जिवलग मित्र. बायको गेलेली, घरात एकटे, गावात बस नाही. दूर शहरात राहणारा मुलगा मार्क दर फोनवर म्हणायचा, "बाबा, आता गाडीच्या किल्ल्या माझ्याकडे द्या." गाडी एकदा नापास झाली की त्याला निमित्तच मिळणार होतं. मग बाजार, डॉक्टर, चर्च, सगळं दुसऱ्याच्या मेहेरबानीवर. हे ठाऊक असल्यामुळे डोरीनने स्टिकर हातात घेतला.

तेवढ्यात बाहेर गाडीत बसलेल्या ओल्गा सव्चाक आजी आत आल्या. ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस होते. चर्चच्या तळघरात बटाट्याच्या पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, भरायला ओल्गा आजी आणि त्यांच्या दोन मैत्रिणींना काकाच नेत असत.

"झाली तपासणी?" आजींनी विचारलं. "आम्ही तिघी आतच बसून होतो की. उतरा म्हणायलाही कुणी आलं नाही."

"तुला काय कळतंय त्यातलं? गाडी ठणठणीत आहे," काका म्हणाले.

"मला कळत नाही म्हणूनच बोलतेय. काचेवरचा तो कागद बघून मी तुझ्या मागे बसते. म्हणते, डोरीनने बघितलंय ना, मग चला. आणि डोरीनने बघितलं काय? कोबीचा डबा."

डोरीन हसली, पण ते हसू टिकलं नाही. "आजी, काकांचं बाहेर पडणंच बंद होईल हो. मी का त्यांचं वाईट चिंतते?"

"त्याचं भलं करतेस, ते दिसतंय. आमचं कोण करणार? समोरून शाळेची बस येते, तिच्यातल्या पोरांचं कोण करणार? अगं, उपकार करायचा तर स्वतःच्या जिवावर करावा. तू आमच्या जिवावर उदार होतेस."

 डोरीनने स्टिकर खाली ठेवला आणि हात पुढे केला. "काका, किल्ली द्या. गाडी वर घेते."

काकांचा चेहरा पडला. "तुझ्या बापाने माझ्याशी असं कधी केलं नसतं."

हे तिला लागलं. "नसतं केलं," ती म्हणाली. "पण मला करायचंय."

आतल्या दोघी मैत्रिणी उतरल्या आणि गाडी वर गेली. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ किती हिवाळे खालच्या पत्र्याला लागत होतं! मागच्या ब्रेकच्या नळीला बोट लावताच गंजाची खपली निघाली आणि बोट ब्रेकच्या तेलाने ओलं झालं; नळी फुटली की ब्रेक गेलाच. चर्चकडून शाळेपाशी उतरणारा खडा उतार डोरीनच्या डोळ्यांसमोर आला. काचेवरचा जुना स्टिकर मागच्या वर्षी तिनेच लावला होता.

तिने काकांना गाडीखाली बोलावून ती नळी दाखवली. काकांनी हात वर करून स्वतः तिला बोट लावून बघितलं.

"मी मार्कला घाबरत होतो," ते हलकेच म्हणाले. "घाबरायचं होतं ते याला."

त्या दिवशी तिघींना आणि काकांना डोरीननेच चर्चला सोडलं. नव्या नळ्या बसल्या, ब्रेक पुन्हा तपासले आणि मगच काचेवर स्टिकर लागला. ओळखीच्या इतर गाड्याही तिने एकेक करून परत बोलावल्या. कुणी आले, कुणी फुरंगटले.

आणि एक दिवस मार्कचा फोन आला. "डोरीन, बाबा म्हणतात गाडी पास झाली. मी त्याच गावात वाढलोय, तिथे पास कशी होते ते मला सांगू नकोस. खरं काय ते बोल."

"खरंच सांगते. वर चढवली, चाकं काढली, गंजलेल्या नळ्या बदलल्या. तुझे बाबा शेजारी उभे होते. आणि मागच्या वर्षी मी न बघता स्टिकर लावला होता, तेही ऐकून ठेव."



"मागच्या वर्षीचंही लपवलं नाहीस, म्हणजे हे खरं. मग किल्ल्या राहू देत त्यांच्याकडे," मार्क म्हणाला.

मंडळी, ज्या तपासणीला काका इतके घाबरत होते, तिनेच त्यांची गाडी त्यांच्याकडे राखली. इतक्या वर्षांच्या भिडेने त्यांना फक्त उताराच्या टोकाशी नेऊन ठेवलं होतं. आपल्या माणसासाठी नियम वाकवला की प्रेम केलं, असं आपण समजतो. ज्याच्यावर जीव आहे, त्याची गाडी सगळ्यांत आधी वर चढवावी.